‘बोन टोमाहॉक’मधला तो लांबलेला प्रवास कापायचा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘बोन टोमाहॉक’ पाहिला, शेवट अंगावर आला, पण चौघं घोड्यांवरून निघतात तिथपासून गुहेपर्यंतचा भाग रटाळ वाटला. आधी वेस्टर्न (जुन्या पश्चिम अमेरिकेतली घोडेस्वार-शेरीफांची गोष्ट) आणि मग अचानक हॉरर, जणू दोन वेगळे सिनेमे एकमेकांना शिवलेत. तुम्ही स्वतः कमी खर्चातली वेस्टर्न-हॉरर पटकथा लिहिताय आणि विचारताय, की हा प्रवास निम्म्यावर आणून प्रेक्षकाला लवकर गुहेत नेलं तर भीती वाढणार नाही का?

नाही वाढणार. माझं काम संकलनाचं आहे. लांबलेलं दृश्य दिसलं की पहिल्यांदा हात कात्रीकडेच जातो. तरीही या सिनेमातला प्रवास मी कापू देणार नाही, कारण शेवटी जे अंगावर येतं त्याची सगळी तयारी त्या प्रवासातच झालेली आहे. ती कशी, हे सविस्तर सांगतो. पुढे शेवटासकट सगळं येणार आहे, तेव्हा ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून यावं.

काही व्यावहारिक गोष्टी आधी, कारण तुम्ही कमी खर्चाचं म्हणालात. 2015चा हा सिनेमा एस. क्रेग झालरचं दिग्दर्शक म्हणून पहिलंच काम. त्याआधी त्याने वेस्टर्न कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि या सिनेमाची पटकथाही त्याचीच. खर्च सुमारे 18 लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात अगदी किरकोळ. चित्रीकरण 21 दिवसांत, कॅलिफोर्नियात. लांबी 132 मिनिटं. इतक्या कमी दिवसांत इतका लांब सिनेमा उरकायचा म्हटल्यावर पन्नास कोनांतून चित्रण करून नंतर टेबलावर बघू, ही चैन परवडत नाही. कुठे कॅमेरा ठेवायचा आणि तो किती वेळ हलवायचा नाही, हे लिहितानाच ठरवावं लागतं. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. या सिनेमाची संथ लय पटकथेच्या पानावरून आलेली आहे, संकलनात कोणी ती नंतर पसरवलेली नाही.

गोष्ट साधी आहे. ब्राइट होप नावाचं लहानसं गाव, धडधाकट पुरुषांपैकी बरेचसे गुरं घेऊन लांब गेलेले. एक भुरटा लुटारू नकळत गुहेत राहणाऱ्या एका नरभक्षक टोळीची दफनभूमी तुडवून गावात येतो आणि टोळी त्याच्या मागावर येते. रात्रीत तबेल्यातला पोऱ्या मारला जातो. तुरुंगातून तो लुटारू, शेरीफच्या हाताखालचा डेप्युटी निक आणि जखमेवर उपचार करायला आलेली समँथा, असे तिघं नाहीसे होतात. त्यांना शोधायला चौघं निघतात: शेरीफ हंट (कर्ट रसेल), त्याचा वयस्कर मदतनीस चिकोरी (रिचर्ड जेंकिन्स), नीटनेटका आणि घमेंडखोर ब्रूडर (मॅथ्यू फॉक्स), आणि समँथाचा नवरा आर्थर (पॅट्रिक विल्सन). आर्थरचा पाय मोडलेला आहे. छपरावरून पडून.

या पायापासून सुरुवात करू, कारण माझ्या मते अख्खा सिनेमा त्या पायावर उभा आहे.

मोडका पाय घेऊन माणूस घोड्यावर बसतो, उतरतो, कुबडीवर चालतो, पडतो. दर थोड्या वेळाने सिनेमा आपल्याला त्या पायाकडे परत नेतो. सूज, पू, वास. पुढे ब्रूडरशी झालेल्या झटापटीत हाड पुन्हा सरकतं आणि चिकोरीला ते ओढून बसवावं लागतं. या सगळ्यात राक्षस कुठेच नाही. पण तासभर आपण एका हाडाची काळजी करत बसलेलो असतो. शरीर किती नाजूक असतं, एक सांधा निखळला की माणूस किती लाचार होतो, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. म्हणून गुहेत निकच्या शरीराचं जे केलं जातं ते पाहताना आपण नुसता रक्तपात बघत नाही. हाड म्हणजे काय हे आपल्याला आता माहीत असतं. तो प्रवास काढून टाका आणि तेच दृश्य पुन्हा बघा. मेकअपचं कौशल्य वाटेल, दोन मिनिटं किळस येईल, बस.

भयपटात हे फार कमी लोक करतात. बहुतेक ठिकाणी वेदना पहिल्यांदा येते ती राक्षसाबरोबरच, आणि मग ती त्याचीच करामत होऊन बसते. इथे वेदना आधीपासून घरातली आहे. टोळी ती फक्त शेवटाला नेते.

दुसरी गोष्ट अंतराची. वेस्टर्नमध्ये मोकळं माळरान, डोंगर, आभाळ. हॉररमध्ये बंद खोली, तळघर, जिना. म्हणून लोकांना वाटतं हे दोन प्रकार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोन्हींतला माणूस एकाच अडचणीत असतो: हाक मारली तर ऐकायला कोणी नाही. माळरानावर जवळचं गाव काही दिवसांच्या वाटेवर असतं, आणि ती वाट घोड्याच्या पायांनी मोजायची असते. आता या सिनेमात काय होतं बघा. वाटेत रात्री दोन अनोळखी माणसं तळापाशी येतात. ब्रूडर त्यांना मारून टाकतो. त्याचं म्हणणं, ते टेहळणीला आले होते. खरं काय ते सिनेमा सांगत नाही. नंतर रात्रीच हल्ला होतो आणि घोडे जातात. ब्रूडरला आपली लाडकी घोडी स्वतःच्या हाताने मारावी लागते. त्या क्षणापासून तेच माळरान कितीतरी पटींनी मोठं होतं. जागा तीच, चित्रचौकट तीच, पण आता ती पायी तुडवायची आहे आणि त्यातल्या एकाला चालता येत नाही.

संकलकाच्या नजरेने हा भाग मला फार शिकवणारा वाटतो. घोड्यांवरचा प्रवास तुलनेने पटापट पुढे सरकतो. घोडे गेल्यावर शॉट लांबतात, माणसं चौकटीत लहान होतात आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला त्यांना वेळ लागतो, तो वेळ आपल्याला बघावा लागतो. प्रेक्षक इथे कंटाळतो हे खरं आहे. तुम्हीही कंटाळलात. पण त्या कंटाळ्यात थोडी अस्वस्थता मिसळलेली होती की नाही, आठवून बघा. ‘हे कधी पोचणार’ आणि ‘यांनी पोचूच नये’ हे दोन्ही एकाच वेळी वाटायला लागतं. अशी अवस्था जलद कट मारून आणता येत नाही.

आणि आर्थरला मागे सोडतात, तेव्हा तर सगळा हिशेबच बदलतो. आता दोन घड्याळं चालू असतात. पुढे गेलेल्या तिघांचं आणि मागे रांगत, लंगडत, देवाची विनवणी करत येणाऱ्या एकट्याचं. दोन ठिकाणी एकाच वेळी चाललेली गोष्ट आलटून पालटून दाखवणं ही संकलनातली सगळ्यात जुनी युक्ती आहे, पण इथे ती वेगासाठी वापरलेली नाही. आर्थरकडे परत गेलं की दरवेळी दिसतं की हा माणूस अजून फारसा पुढे आलेलाच नाही. गुहेत काय चाललंय ते आपल्याला माहीत असतं, त्याला माहीत नसतं, आणि त्याला घाई करता येत नाही.

आता आवाज. तुम्ही पहिल्यांदा लॅपटॉपच्या स्पीकरवर पाहिला असेल तर कृपा करून चांगले हेडफोन लावून पुन्हा बघा. या सिनेमात पार्श्वसंगीत अगदी मोजकं आहे. जे आहे ते जेफ हेरियट आणि स्वतः झालर यांनी केलंय. बराच वेळ ऐकू येतात ते बूट, खोगीर, वारा, शेकोटी आणि माणसांचं बोलणं. या शांततेत टोळीची ती किंकाळी येते. माणसाची म्हणता येत नाही, जनावराचीही नाही. ती पहिल्या काही मिनिटांतच ऐकवलेली आहे, दफनभूमीच्या प्रसंगात, आणि मग बराच काळ दाबून ठेवलेली आहे. शेवटी आर्थर टोळीतल्या एका मेलेल्याचा गळा चिरतो तेव्हा कळतं की त्यांच्या घशात हाडाची शिट्टी बसवलेली असते. मग तो ती काढून स्वतःच्या तोंडाने वाजवतो आणि पुढच्याला जाळ्यात ओढतो.

ही कल्पना किती गोष्टी साधते बघा. राक्षसाचा आवाज त्याच्या शरीरातून निघतो. ते शरीर उघडल्यावर आवाजाचं कोडं सुटतं. आणि कोडं सुटताच तो आवाज हत्यार बनतो, तेही सगळ्यात लंगड्या माणसाच्या हातात. पटकथा लिहिणाऱ्याने हे दृश्य वहीत उतरवून ठेवावं इतकं ते नेटकं आहे. संगीताने आधीच कान भरलेले असते तर यातलं काहीच पोचलं नसतं.

इथे कामातली एक सूचना करतो. कच्च्या कटवर तात्पुरतं म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी सिनेमाचं संगीत टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. भयपटात ते टाळा. घुमणारा खर्ज टाकला की कुठलाही रिकामा कॉरिडॉर भीतिदायक वाटतो आणि दृश्यात मुळात काही नाही हे लपून जातं. आधी नुसत्या प्रत्यक्ष आवाजांवर कट लावा. तरीही घसा कोरडा पडला तर दृश्यात दम आहे.

निकच्या मृत्यूचं दृश्य सगळ्यांना आठवतं, त्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्याची नक्कल करण्याचा मोह होतो. त्यातली क्रूरता नक्कल करायला सोपी आहे. पण दृश्य चालतं ते पिंजऱ्यातल्या माणसांमुळे. हंट आणि चिकोरी टोळीच्या हाती सापडलेत आणि गजांआडून बघतायत. हंट शेरीफ आहे, म्हणजे वेस्टर्नच्या जगात शेवटचा आधार. संकटात पडलेला माणूस ज्याची वाट बघतो तो माणूस हाच. आणि तो पिंजऱ्यात आहे. त्याच्या वर आता कोणी नाही. तो निकशी बोलत राहतो, कारण बोलण्याखेरीज त्याच्या हातात काही उरलेलं नाही. कॅमेरा फार जवळ घुसत नाही, संगीत येत नाही. जे दिसतं ते साधारण पिंजऱ्यातून दिसावं तसं दिसतं. वेस्टर्न आणि हॉरर खऱ्या अर्थाने एकजीव होतात ते माझ्या मते इथे: कायदा जिवंत आहे, शुद्धीवर आहे, बोलतोय, आणि त्याचा काही उपयोग नाही.

चिकोरीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. बायको गेलेला, बडबड्या, थोडा विसरभोळा म्हातारा. टबमध्ये बसून पुस्तक न भिजवता कसं वाचायचं, पिसवांच्या सर्कशीतल्या पिसवा खऱ्या असतात का, असल्या गोष्टींवर तो मनापासून बोलतो. पटकथेच्या कार्यशाळेत कोणीही सांगेल की हे संवाद काढा, कथानक पुढे जात नाही. पण पिसवांचा विषय निघतो तो पिंजऱ्यात, मरण समोर असताना. समँथा त्याला उत्तर देते, आणि ते उत्तर कुतूहलापोटी दिलेलं नसतं. ती त्याला धीर देत असते. प्रवासात त्याची असली बडबड आपण ऐकलेली नसती तर हा क्षण आलाच नसता. जेंकिन्सला या भूमिकेसाठी इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं, आणि झालरला पटकथेसाठी. माझ्या दृष्टीने दोन्ही योग्य होती.

आता एक अवघड मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही, पण या प्रकारात लिहायचं तर टाळता येणार नाही. गोऱ्या बाईला ‘रानटी’ लोक पळवून नेतात आणि पुरुष तिला सोडवायला जातात, ही गोष्ट अमेरिकेत फार जुनी आहे. मेरी रोलँडसन या स्त्रीने आपल्या कैदेची हकिगत 1682 साली छापली, तेव्हापासून अशा हकिगती तिकडे आवडीने वाचल्या गेल्या. 1836 साली टेक्सासमध्ये कोमांची या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी सिंथिया अॅन पार्कर या लहान मुलीला नेलं. ती त्यांच्यातच वाढली, तिथे तिचं लग्न झालं, मुलं झाली. 1860 साली तिला ‘सोडवून’ आणलं तेव्हा ती परत यायला तयार नव्हती. तिचा मुलगा क्वाना पार्कर पुढे कोमांचींचा मोठा नेता झाला. जॉन फोर्डच्या 1956च्या ‘द सर्चर्स’मागे याच प्रकारच्या इतिहासाची सावली आहे, आणि ‘बोन टोमाहॉक’ उघडच त्या वाटेवरून चालतो.

झालरला यातला धोका कळलेला दिसतो. म्हणून त्याने झान मॅक्लार्ननच्या रूपात एक सुशिक्षित मूलनिवासी आणलाय. तो बाण बघतो आणि स्पष्ट सांगतो की ही माणसं आमच्यापैकी नाहीत, त्यांना भाषा नाही, नाव नाही. ब्रूडरसारख्या, मूलनिवासींना मारल्याची फुशारकी मारणाऱ्या माणसाला असा फरक कळणार नाही, हेही सिनेमाला माहीत आहे. तरी मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. एका पात्राने एका दृश्यात खुलासा केला म्हणून पुढच्या तासाभरातली प्रतिमा धुतली जात नाही. राखेने माखलेली, कवट्या जपणारी, बायका पळवणारी टोळी बघताना प्रेक्षकाच्या मनात शेकडो जुन्या वेस्टर्नमधली चित्रं जागी होतात, आणि भीतीचा काही भाग तिथूनच उसना येतो. सिनेमा मला मनापासून आवडतो आणि हा दोषही तितकाच खरा वाटतो. तुम्ही लिहाल तेव्हा तुमचा राक्षस कोणाच्या चेहऱ्यावरून घेतलाय हे स्वतःला आधी विचारा. 2022च्या ‘प्रे’मध्ये 1719 सालची कोमांची मुलगीच नायिका आहे आणि संकट बाहेरून येतं. तिथे सगळं पारडं उलटं फिरवलंय, आणि भीती कुठेही कमी झालेली नाही.

बाकीचे सिनेमे बघायचे तर थोडे सुचवतो. अँटोनिया बर्डचा ‘रॅव्हनस’ (1999) नरभक्षणाचाच आहे. सिएरा नेवाडाच्या बर्फातला लष्करी तळ, मेक्सिकोबरोबरच्या युद्धाचा काळ. 1846-47च्या हिवाळ्यात त्याच डोंगरांत डॉनर पार्टी हा पश्चिमेकडे निघालेल्या स्थलांतरितांचा तांडा अडकला होता आणि वाचलेल्यांपैकी काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं होतं, ही आठवण त्या सिनेमाच्या पाठीशी आहे. तो मध्येच विनोदी होतो, मध्येच भेसूर. मला तो तोल नेहमीच सांभाळलेला वाटत नाही, पण पश्चिमेकडे सरकत सगळं गिळत जाण्याची भूक त्याने नेमकी पकडलीय. एमा टॅमीचा ‘द विंड’ (2018) तुम्हाला जास्त कामाचा आहे: माळरानावरचं एक घर, एक बाई, वारा, मोजकी पात्रं. कमी पैशांत काय करता येतं हे त्यात दिसेल. कॅथरिन बिगेलोचा ‘निअर डार्क’ (1987) आजच्या काळातला, रक्तपिपासूंचा, आणि तिथे घोड्यांची जागा गाड्यांनी घेतलीय. जॉर्डन पीलचा ‘नोप’ (2022) आभाळाकडे बघायला लावतो. त्यात मोकळी जागाच भक्षक होते.

तर तुमच्या पटकथेकडे येतो. कापायचंच असेल तर गावातलं कापा. ‘बोन टोमाहॉक’मध्येही मला खुशाल कात्री लावावीशी वाटते ती निघण्याआधीच्या भागात. नगराध्यक्ष आणि त्यांच्या पत्नीची बोलाचाली, पिण्याच्या जागेतला काही वेळ, हे गाव कसं आहे ते आधीच कळल्यावर पुन्हा सांगणारं आहे. प्रवासात मात्र प्रत्येक मुक्कामाला माणसांकडून काहीतरी काढून घ्या. घोडा, औषध, झोप, एक जोडीदार, एकमेकांवरचा विश्वास. एका मुक्कामातून दुसऱ्या मुक्कामात जाताना त्यांच्याजवळ काय उरलं याची यादी समासात लिहीत चला. दोन मुक्कामांच्या यादीत फरकच नसेल तर त्यातला एक बेलाशक काढून टाका. फरक असेल, तर वाचणारा कितीही म्हणाला की इथे लांबलंय, तो मुक्काम ठेवा.